लहान हौदांचं गाव

किनोसाकीच्या बहुतेक सरायींत अंघोळीचा हौद लहान असतो. खोली प्रशस्त, जेवण दहा-बारा वाट्यांतून येणारं, अंथरूण मऊसूत. हौद मात्र पाहुण्यांच्या संख्येच्या मानानं अगदी बेताचा. ज्या गावात माणसं केवळ गरम पाण्यासाठी येतात, तिथं पाण्याच्याच बाबतीत हात आखडता का, हा प्रश्न पहिल्यांदा गेलेल्याला पडतो. मालक चिक्कू असेल किंवा जागा कमी पडली असेल असं वाटतं. खरं कारण वेगळं आहे. सरायीतला हौद किती मोठा असावा यावर गावाचं बंधन आहे आणि त्या बंधनामागं तेवीस वर्षं चाललेलं एक भांडण आहे.

जपानवर मराठीत जे प्रवासलेखन येतं त्यात चेरीची फुलं, बुलेट ट्रेन आणि शिस्त या तीन गोष्टी चुकत नाहीत. शिस्तीचं कौतुक तर इतकं की वाचणाऱ्याला वाटावं, ही माणसं कधी भांडतच नसतील. किनोसाकीची माणसं भांडली, चांगली कचाकचा भांडली, कोर्टात गेली. आज आपण ज्या देखण्या गावाचे फोटो बघतो ते त्या भांडणातून घडलेलं गाव आहे. मला त्याविषयी लिहायचं आहे. शिवाय एक मुस्लिम प्रवासी म्हणून या गावानं मला ज्या पेचात टाकलं, तोही मांडायचा आहे.

गाव पश्चिम जपानात, ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला आहे. ह्योगोची राजधानी कोबे. जपानमधली पहिली मशीद तिथंच १९३५ साली उभी राहिली, भारतीय व्यापारी आणि रशियातून परागंदा झालेल्या तातार मुसलमानांच्या पैशातून. पण कोबे दक्षिणेला, बंदराचं मोठं शहर. किनोसाकी उत्तरेला, डोंगराच्या कुशीत, जपानच्या समुद्रापासून थोड्याच अंतरावर. क्योतो किंवा ओसाकाहून रेल्वेनं अडीच-पावणेतीन तास लागतात. गाडी भातशेतं, बोगदे आणि लहान लहान स्टेशनं मागं टाकत जाते आणि शेवटी रुंद, संथ मारुयामा नदी सोबतीला येते. २००५ मध्ये किनोसाकीची स्वतंत्र नगरपालिका तोयोओका शहरात विलीन झाली. कागदावर ते आता एका शहराचा भाग आहे, प्रत्यक्षात मात्र काही हजार वस्तीचं खेडंच.

गावातून ओतानी नावाचा ओढा वाहतो. दोन्ही काठांना विलोची झाडं, त्यांच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या. त्यावर कमानीचे छोटे दगडी पूल. काठानं दोन-तीन मजली लाकडी सराया. जपानी भाषेत त्यांना र्योकान म्हणतात. अशा सत्तर-ऐंशी तरी असतील. आणि या सगळ्यांमध्ये पेरलेली सात सार्वजनिक स्नानगृहं. जपानीत त्यांना ‘सोतोयु’ म्हणतात, म्हणजे बाहेरचं गरम पाणी. सरायीच्या आतल्या हौदाला ‘उचियु’, म्हणजे आतलं गरम पाणी. मी सोयीसाठी सोतोयुला हमाम म्हणेन. आपल्या घरांत तो शब्द अजून जिवंत आहे.

रिवाज असा. पाहुणा सरायीत आला की त्याला युकाता हा सुती झगा आणि गेता ही लाकडी पादत्राणं मिळतात. प्रत्येक सरायीच्या युकाताची नक्षी वेगळी. सोबत एक पास मिळतो, तो दाखवला की हमामांत वेगळे पैसे पडत नाहीत. मग माणसं बाहेर पडतात, एका हमामातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. संध्याकाळी गावभर गेतांचा खडखड आवाज चालू असतो. कोणी वाटेत आइस्क्रीम खातंय, कोणी पेढीवरून खेकडा बघतंय, कोणी नुसतंच पुलावर उभं. नवरा-बायको, म्हाताऱ्या बहिणी, कॉलेजची पोरं, सगळे रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर. आपल्याकडे उरुसाच्या रात्री दिसतो तसा मोकळेपणा, फक्त कर्णे नाहीत.

गावातली माणसं आपल्या गावाचं वर्णन एका ठरलेल्या रूपकात करतात. अख्खं गाव म्हणजे एकच सराय. रेल्वे स्टेशन हा दरवाजा, रस्ते हे व्हरांडे, प्रत्येक सराय ही खोली, दुकानं ही सरायीतली दुकानं आणि हमाम हे मोठं न्हाणीघर. पर्यटन खात्यानं छापलेल्या पत्रकात असं काही वाचलं की मी सहसा पान उलटतो. इथं उलटवलं नाही, कारण या रूपकासाठी लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आहेत.

आधी थोडा जुना काळ. गावाचा इतिहास तेराशे वर्षांचा सांगतात. दोचि नावाच्या बौद्ध भिक्षूनं हजार दिवस प्रार्थना केली आणि इसवी सन ७२० मध्ये झरा फुटला, अशी एक कथा. दुसरी कथा करकोच्याची. जखमी करकोचा रोज एका ठिकाणी पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा, बरा होऊन उडाला, लोकांनी जाऊन पाहिलं तर पाणी गरम. त्या जागेवरच्या हमामाचं नावच करकोच्याचं हमाम. कथा कथेच्या जागी ठेवू. पण या करकोच्याचा पुढचा इतिहास कथेहून विलक्षण आहे. जपानमधला रानातला शेवटचा करकोचा याच तोयोओका परिसरात १९७१ मध्ये मेला. शेतातल्या कीटकनाशकांनी त्याचं अन्न संपवलं होतं. मग सोव्हिएत रशियातून १९८५ मध्ये पिल्लं आणली, १९८९ मध्ये पिंजऱ्यात पहिलं पिल्लू जन्मलं आणि २००५ मध्ये पक्षी पुन्हा आकाशात सोडले. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी भाताची पद्धत बदलली, औषधं कमी केली, खाचरांत जास्त दिवस पाणी ठेवलं. आज तो तांदूळ करकोच्याच्या नावानं विकला जातो आणि बरा भाव घेतो. एका माणसाच्या शेतात औषध मारलं तर शेजारच्याच्या खाचरातला बेडूक मरतो, हे या खोऱ्यातल्या माणसांना पटवावं लागलंच. पाण्याच्या बाबतीत मात्र तोच धडा ती आधी एकदा शिकली होती.

२३ मे १९२५. दुपारच्या जेवणाआधीची वेळ, चुली पेटलेल्या. उत्तर ताजिमा भागात भूकंप झाला आणि लाकडी किनोसाकी पडलं त्यापेक्षा जास्त जळलं. या भूकंपात सगळ्या भागात मिळून चारशेहून अधिक माणसं गेली. गाव पुन्हा बांधताना लोकांनी रस्ते रुंद करण्यासाठी आपापल्या जागेतली पट्टी सोडली. आग पसरू नये म्हणून मधे मधे काँक्रीटच्या इमारती घातल्या. ओढ्याचे काठ दगडानं बांधून काढले. जवळच्या गेनबुदो गुहेत बेसाल्टचे षटकोनी खांब आहेत. भूकंपात तिथले दगड निखळले होते, ते या काठांना वापरले. (याच गुहेच्या दगडावरून १९२६ मध्ये मातुयामा या शास्त्रज्ञाला कळलं की पृथ्वीचं चुंबकत्व एके काळी उलटं होतं. ओढ्याकाठी बसून पाय हलवताना हे माहीत असलेलं बरं.)

इथपर्यंत सगळी एकोप्याची कहाणी आहे. १९२७ मध्ये ती तुटली. मिकिया नावाच्या जुन्या सरायीनं नव्या इमारतीत स्वतःचा हौद बांधला आणि त्यात स्वतःच्या जागेतलं गरम पाणी घेतलं. तोवर किनोसाकीत सरायीत अंघोळच नसायची. राहायचं सरायीत आणि न्हायचं गावाच्या हमामात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. गाव खवळलं. जमाव जमला, निषेध झाले आणि शेवटी प्रकरण कोर्टात गेलं.

मिकिया म्हणजे कोणी ऐरीगैरी सराय नव्हे. जपानी कथाकार शिगा नाओया तोक्योत रेल्वेचा धक्का लागून जखमी झाले, तेव्हा १९१३ मध्ये प्रकृती सुधारायला ते याच सरायीत येऊन राहिले. त्या मुक्कामावरची त्यांची कथा १९१७ मध्ये छापून आली आणि जपानी शाळकरी पोरांनाही किनोसाकी माहीत झालं. म्हणजे ज्या सरायीनं गावाचं नाव देशभर नेलं तिलाच गावानं कोर्टात खेचलं.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं, म्हणून हे भांडण मला महत्त्वाचं वाटतं. सरायवाल्याचं म्हणणं साधं. जमीन माझी, तिच्याखालचं पाणी माझं. काळ बदललाय, दुसऱ्या गावांतल्या सरायींत हौद आहेत, आजारी आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना बर्फात बाहेर पाठवायचं का? गावाचं म्हणणं असं की जमिनी वेगवेगळ्या असतील पण खालचा झरा एक आहे. तू एका जागी ओढलंस की दुसरीकडे कमी होणार. आणि आज तू बांधलास तर उद्या ज्याच्याकडे पैसा आहे तो प्रत्येक जण बांधेल. मग हमाम ओस पडेल, रस्ता ओस पडेल, आणि ज्याच्याकडे ना जमीन ना हौद तो लहान सरायवाला, दुकानदार, गेता विकणारा, सगळे उठतील.

ही दुसरी बाजू वाचताना मला आपल्या फिक्हमधली एक जुनी चर्चा आठवली. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांचा वाटा असल्याचा विचार हदीसमध्ये आलेला आहे आणि फकीहांनी त्याचा बारीक कीस काढला आहे. उगमावरचं, नदीचं, झऱ्याचं पाणी सामाईक. तुम्ही मेहनत करून आपल्या मशकीत, घड्यात भरलंत की ते तुमचं. तहानलेल्याला आणि त्याच्या जनावराला तुमच्या विहिरीवर येऊ देणं मात्र तुम्हाला नाकारता येत नाही. आता पंप आला की घड्याची व्याख्या काय करायची? स्वतःच्या अंगणात बोअर मारून गावचा झरा ओढणारा माणूस घडा भरतोय की उगमच घरात आणतोय? किनोसाकीचं कोर्ट वर्षानुवर्षं साधारण याच प्रश्नाशी झगडत होतं, फक्त भाषा जपानी दिवाणी कायद्याची होती. आपल्याकडे मराठवाड्यात बोअरवेलच्या स्पर्धेत शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या विहिरी आटल्या तेव्हा हा प्रश्न कोर्टापर्यंतही फारसा गेला नाही. ज्याचं बोअर खोल त्याचं पाणी, एवढ्यावर तो सुटला.

खटला चालू असताना महायुद्ध होऊन गेलं. शेवटी १९५० मध्ये समेट झाला. तो असा: गरम पाण्यावरचा हक्क गावाचा, म्हणजे युशिमा या जुन्या वस्तीच्या नावानं असलेल्या सामाईक मालमत्ता मंडळाचा. सरायींना आत हौद बांधता येईल, पण आकाराच्या मर्यादेत. पुढे १९७२ मध्ये सगळ्या उगमांचं पाणी एकत्र करून नळांनी हमामांना आणि सरायींना पुरवण्याची व्यवस्था आली. आज तुम्ही कितीही महाग खोली घ्या, नळातून येणारं पाणी तेच, किंचित खारट, जे सगळ्यात लहान सरायीतही येतं.

म्हणून हौद लहान. पाहुण्याला बाहेर पडावंसं वाटलं पाहिजे, एवढीच त्यामागची अक्कल. आणि ती किती मोठी हे कळायला जपानमधलीच दुसरी गावं बघावीत. तोचिगी प्रांतातलं किनुगावा हे गरम पाण्याचंच ठिकाण. तेजीच्या काळात, १९८० च्या दशकात, तिथं नदीकाठानं अवाढव्य हॉटेलं उठली. कंपन्यांच्या सहली बसगाड्या भरून यायच्या. हौद आत, दुकान आत, गाणं-बजावणं आत. पाहुण्याला रस्त्यावर पाऊल ठेवायची गरजच पडू नये हाच हॉटेलचा हिशेब. नव्वदच्या दशकात तेजी फुटली, सहली थांबल्या, कर्ज देणारी बँक २००३ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. त्यातली काही हॉटेलं काचा फुटलेल्या अवस्थेत अजून नदीवर उभी आहेत, पाडायलाही पैसा नाही. पाणी तिथंही गरमच होतं. किनोसाकीत एखादी सराय बंद पडली तरी गाव चालतं. किनुगावात हॉटेल बुडालं तेव्हा रस्त्यावर आधीच कोणी नव्हतं.

आता पेचाकडे येतो.

हमामात कपडे घालून जाता येत नाही. पुरुषांचा भाग वेगळा, बायकांचा वेगळा, पण आत सगळे पूर्ण विवस्त्र. हातात रुमालाएवढा पंचा असतो, तोही पाण्यात बुडवायचा नाही. आधी एका बाजूला बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच हौदात उतरायचं, कारण हौद धुण्यासाठी नाही, बसण्यासाठी आहे. या क्रमाचं मला कौतुक वाटलं. सामाईक पाण्यात उतरण्यापूर्वी स्वतःला पाक करणं ज्या घरात गुस्ल आणि वुजूची शिस्त आहे तिथं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडांवर किंवा कोकणात तुरळ-राजवाडीच्या झऱ्यावर माणसं कपड्यांसकट डुंबतात आणि साबणही तिथंच. तेव्हा जपानी माणसानं आपल्याला बेशरम म्हणायचं की आपण त्याला, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

पण सतरचा प्रश्न राहतोच. पुरुषानं पुरुषासमोरही बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं असावं, बाईनं बाईसमोरही. यात फारसे मतभेद नाहीत. पत्नी सोबत होती. तिनं पहिल्याच हमामाच्या दारावरचा सूचनाफलक वाचला, त्यावरची चित्रं बघितली आणि म्हणाली, “अहो, तुम्हाला जायचं असेल तर जा, मी बाहेर पाय बुडवून बसते.” पाय बुडवायची सोय गावात जागोजागी आहे, रस्त्याच्या कडेला, फुकट. आम्ही दोघंही तिथंच बसलो. शेजारी ओसाकाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. आम्ही हमामात का जात नाही हे त्यांना हातवाऱ्यांनी सांगताना बराच वेळ गेला. शेवटी आजीबाईंना समजलं तेव्हा त्या हसून आपल्या यजमानांकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाल्या. मला वाटतं, त्यांचे यजमानही पूर्वी लाजायचे.

रात्री सरायीत आतला लहान हौद मिळाला. अशा हौदाला तासाभरासाठी आतून कडी लावून घ्यायची सोय बऱ्याच सरायींत असते. कुटुंबासाठी वेळ राखून देण्याची ही पद्धत जपानला नवी नाही. पाण्यात बसलो आणि हिशेब लक्षात आला. ज्या आतल्या हौदाविरुद्ध गाव तेवीस वर्षं लढलं, तोच माझ्यासारख्याला लागतो. मी नैतिकदृष्ट्या गावाच्या बाजूनं आहे आणि माझा दीन मला सरायवाल्याच्या हौदात बसवतो.

हा केवळ माझ्या मनातला खेळ नाही. जपानच्या झऱ्यांच्या गावांत आता खोलीला लागूनच खासगी उघडा हौद देण्याची पद्धत जोरात आहे. किनोसाकीच्या काही सरायींतही तशा खोल्या आहेत. श्रीमंत जपानी जोडप्यांना त्या हव्यात, परदेशी पाहुण्यांना हव्यात. या गावात येणारे परदेशी अनेक पटींनी वाढले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना अनोळखी माणसांसमोर कपडे काढायला संकोच वाटतो. मुस्लिम पाहुण्यांसाठी ‘सोयी’ कशा कराव्यात याचे सल्ले देणारे सल्लागारही जपानमध्ये आले आहेत. त्यांचं उत्तर ठरलेलं: खासगी हौद असलेली खोली द्या आणि जास्त पैसे घ्या. म्हणजे गावानं ज्या गोष्टीला दार बंद केलं ती आता माझ्या नावानं, माझ्या हयेचं कारण सांगून, मागच्या दारानं आत येणार. हे मला मान्य नाही.

मला वाटतं आपण मागायचं ते वेगळं. हमाम इस्लामी शहरांतही होते. दमास्कस, इस्तंबूल, इस्फहानपासून आपल्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यापर्यंत. सार्वजनिक हमामांत लुंगी बांधून जायचं आणि बायकांसाठी दिवस किंवा वेळ वेगळी. उलेमांनी हमामाविषयी कडक लिहिलं, लोक तरीही जात राहिले आणि मधला मार्ग काढत राहिले. तो मार्ग घराघरांत हौद बांधण्याचा नव्हता, सामाईक जागेतच वेळ वाटून घेण्याचा होता. किनोसाकीलाही तेच शोभेल. गावाच्या हमामातच एखादी कुटुंबाची खोली, ठरलेल्या वेळेला, पैसे भरून. तो पैसा मंडळाकडे जाईल, सरायवाल्याच्या खिशात नाही. आणि तिथं जायला मला युकाता घालून, गेता वाजवत, रस्त्यानं चालावं लागेल, जे या गावाचं खरं मागणं आहे.

उलट बाजूनं, हमामात सगळ्यांनी पोहण्याचे कपडे घालावेत अशी मागणी अधूनमधून ऐकू येते, आपल्याही लोकांकडून. ती करू नये. जिथं माणसं शेकडो वर्षं एका रीतीनं एकमेकांशेजारी बसली आहेत तिथं पाहुण्यानं येऊन रीत बदलायला सांगणं हा शहाणपणा नाही. त्या रीतीतही एक समता आहे हे विसरू नये. आत गेल्यावर कोण कारखानदार, कोण त्याचा ड्रायव्हर, काही कळत नाही. जपानमधल्या बहुतेक गरम पाण्याच्या ठिकाणी अंगावर गोंदण असलेल्या माणसाला आत घेत नाहीत, गुंडांच्या टोळ्यांमुळे पडलेली ती रीत. किनोसाकीच्या हमामांत ती बंदी नाही. खासगी हौदाच्या मालकाला कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे ठरवता येतं. गावाच्या हमामाला तसं ठरवताना दहादा विचार करावा लागतो.

जेवणाचं थोडक्यात. इथलं बीफ प्रसिद्ध आहे, ताजिमा जातीच्या जनावरांचं. कोबे बीफ म्हणून जे जगभर विकतात तेही याच जातीचं. ते आपल्याला चालणार नाही, जबिहा नसतं. सॉसमध्ये मिरिन ही तांदळाची गोड दारू असते, म्हणून सरायीला आठवडाभर आधी कळवावं लागतं. कळवलं तर बिचारे मनापासून करतात. मासे उत्तम. आणि हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, खेकडा. अख्खं गाव खेकड्याच्या वासात बुडालेलं. इथं आमच्या घरात फाळणी झाली. माझी पत्नी रत्नागिरीची, शाफई. तिच्या माहेरी कुर्ल्यांचं कालवण हे सणाचं जेवण. मी मराठवाड्याचा, हनफी. आमच्याकडे खेकड्याला हात लावत नाहीत. तिनं निखाऱ्यावर भाजलेला अख्खा खेकडा माझ्यासमोर, अतिशय निवांतपणे, शेवटच्या नांगीपर्यंत संपवला. चारही इमाम हक आहेत असं मी आयुष्यभर सांगत आलो, त्या रात्री ते जरा जड गेलं. नमाजची अडचण मात्र कुठंच आली नाही. तातामीच्या खोलीत चपला येतच नाहीत, अख्खी खोली म्हणजे जानमाज.

गाव पुढंही टिकेल का, याबद्दल मी भाबडा नाही. खेड्यांतून तरुण निघून जाताहेत, सरायी चालवायला वारस नाहीत, खोल्या आवरायला माणसं मिळत नाहीत. हे सगळं जपानभर आहे तसं इथंही आहे. पण गाव हातावर हात ठेवून बसलेलं दिसत नाही. प्रांत सरकारचं १९८३ मधलं एक मोठं सभागृह रिकामं पडलं होतं. ते पाडण्याऐवजी २०१४ मध्ये त्याचं नाट्य-नृत्य कलाकारांसाठी निवासी केंद्र केलं. जगभरचे कलाकार येऊन राहतात, तालमी करतात आणि संध्याकाळी गावकऱ्यांसारखेच हमामात जातात. २०२१ मध्ये तोयोओकात कला आणि पर्यटन एकत्र शिकवणारं सरकारी महाविद्यालय निघालं. शिगा नाओयांच्या मुक्कामाला शंभर वर्षं झाली तेव्हा सरायवाल्यांच्या तरुण पिढीनं पुस्तकं छापायला घेतली, जी फक्त किनोसाकीतच विकत मिळतात. त्यातलं एक पाण्यात भिजलं तरी बिघडत नाही, त्याला टॉवेलच्या कापडाचं वेष्टन आहे. दुसऱ्याचं वेष्टन खेकड्याच्या कवचासारखं खरखरीत. पुस्तक हवं असेल तर गावात यावं लागतं, तसंच, जसं हौद लहान म्हणून रस्त्यावर यावं लागतं. टॉवेलवाल्या पुस्तकाचं नाव ‘किनोसाकीचा खटला’ असं आहे. ते त्या जुन्या पाण्याच्या खटल्याविषयी नाही, शिगांच्या कथेत दगड लागून मेलेल्या एका पालीसारख्या जलचराविषयी आहे. पण पाण्याचा खटला लढलेल्या गावात ते नाव वाचताना दुकानदार जरा हसला, एवढं माझ्या लक्षात आहे.

सगळ्या हमामांची आठवड्याची सुट्टी एकाच वारी नसते. एखाद-दुसरं बंद असतं तेव्हा बाकीची उघडी असतात. कुटुंबांसाठी वेळ काढायचीच झाली तर मंडळाला हे वेळापत्रक नवं नाही. विचारणारा मात्र कोणीतरी पाहिजे. निघताना सरायीच्या अभिप्रायाच्या वहीत मी इंग्रजीत तेवढंच लिहून आलो, आणि खाली पत्नीनं खेकड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या.